बुवा, त्या वहीसाठी मनापासून थँक्यू

बुवा, नमस्कार. तुम्ही फेसबुकवर नाही हे माहितीये, पण वहिनी असतात, त्या वाचून दाखवतील. मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितोय कारण आपल्या मालवण-कुडाळ भागात पखवाज शिकणारी बरीच पोरं इथे आहेत, त्यांना पण उपयोग होईल.

सुरुवातीला मी मोबाईलच्या एका अ‍ॅपमध्ये रियाजाची मिनिटं भरायचो, आज 40, उद्या 35, असं, आणि पावसात लाईट-नेट गेलं की त्याची साखळी तुटायची मग मूडच जायचा. तुम्ही ते बघून ओरडला नाहीत, एवढंच विचारलंत, "चाळीस मिन्टा वाजवलंस ता बरा केलंस, पण हात खंय अडाकलो ता खंय लिवलंस?" आणि बाजारातून साधी शंभर पानी वही आणून दिलीत. पहिल्या पानावर रकाने पण तुम्हीच आखलेत: तारीख, बोल, लय, कुठे अडकलं, आणि शेवटचा 'वाद्य'.

मिनिटांचा रकानाच नाही! मला आधी पटलंच नव्हतं खरं तर. पण आता जुनी पानं उघडली की "चौताल, 66, धा धा दिं ता साफ, तिटकतला ट उशिरा" असं दिसतं (चौताल म्हणजे बारा मात्रांचा ताल, 66 म्हणजे मिनिटाला तेवढ्या मात्रा) आणि आज कशावर बसायचं ते लगेच कळतं, नाहीतर आपण येतं तेच परत परत वाजवत बसतो आणि रियाज झाला म्हणतो.

'वाद्य' ह्या रकान्याची गंमत श्रावणात कळली. पुडी (पखवाजाचं कातडं) सर्द होऊन आवाज उतरायचा, डावीकडच्या तोंडाला लावलेली कणीक सुकली की तिकडचा नूर वेगळा, आणि मला वाटायचं माझाच हात बिघडला. वहीत चार ओळी खाली-वर बघितल्या तर जिथे जिथे "आवाज बसला" लिहिलंय तिथे शेजारी "पुडी सर्द" आहेच. जीवात जीव आला बुवा.

आणि दर एकादशीला तोच चौताल फोनवर रेकॉर्ड करायचा, चुकला तरी परत घ्यायचा नाही, ही तुमची अट. आषाढीचं आणि कार्तिकीचं लागोपाठ ऐकलं. लय म्हणाल तर 66 ची 72, म्हणजे आकड्यात काहीच नाही, चार महिन्यांत एवढंच का असं कोणीही म्हणेल. पण आषाढीला मी गदिगन (चौतालाचे शेवटचे बोल) आलं की समेकडे, म्हणजे पहिल्या मात्रेकडे, पळत सुटायचो, बाराव्या मात्रेला जागाच उरत नव्हती. कार्तिकीला ती मात्रा पूर्ण बसलीये. वाजवताना हे मला एकदाही जाणवलं नव्हतं, आणि वहीत पण नव्हतं, ऐकूनच कळलं. हे तुम्ही शिकवलंत, ह्याचे आभार कसे मानू.

आता एक अडलंय. भजनात अभंग, गवळणीपर्यंत ठीक, पण गजर चढायला लागला की 'लय' मध्ये लिहू काय? मेट्रोनोम (एकाच लयीत टिकटिकणारं यंत्र) लावून गजर वाजत नाही ना, तो गाणाऱ्या बुवांच्या आणि झांजेच्या मागे जातो. गुरुवारी येतोय तेव्हा सांगा. आणि कणीक मी घरूनच मळून आणतो, वहिनींना त्रास नको.