आल्प्समधील ‘युलियाना’ बागेची शताब्दी

महोदय,

स्लोव्हेनियातील ट्रेन्टा खोऱ्यात असलेल्या ‘युलियाना’ या अल्पाइन वनस्पती उद्यानाला २०२६ मध्ये शंभर वर्षे होत आहेत. इटलीतील त्रिएस्त येथील व्यापारी अल्बर्ट ब्वा द शेन यांनी १९२६ साली सुमारे ८०० मीटर उंचीवरील उतारावर ही बाग उभी केली, तेव्हा खोऱ्यातील ज्या सोचा नदीकाठी पहिल्या महायुद्धात दोन वर्षांहून अधिक काळ रणकंदन चालले होते, तेथील युद्ध थांबून दहा वर्षेही झाली नव्हती.

बागेसाठी सल्ला आणि साथ देणारे गिर्यारोहक युलियुस कुगी यांना या खोऱ्यात आणले ते एका फुलाने. निसर्ग-अभ्यासक बेल्साझार हाके यांनी १७८२ साली ‘स्काबिओसा ट्रेन्टा’ नावाच्या वनस्पतीचे वर्णन केले होते, पण ती पुन्हा कोणाला सापडली नाही. तिच्या शोधात कुगींनी वर्षानुवर्षे कडेकपारी पालथ्या घातल्या. पुढे व्हिएन्नाचे वनस्पतिशास्त्रज्ञ केर्नर यांनी हाकेंचा वाळवलेला नमुना तपासला आणि ती भूमध्य प्रदेशाकडील आधीच माहीत असलेली वनस्पती असल्याचे दाखवून दिले. जे फूल नव्हतेच, त्याच्या शोधाने कुगींना ट्रेन्टा कायमचे जोडून दिले, याचे मला फार अप्रूप वाटते.

या बागेत सुमारे ६०० जातींच्या वनस्पती आहेत. त्यांतील वनस्पतिशास्त्रज्ञ झॉइस यांच्या नावाने ओळखले जाणारे निळसर घंटाफूल चुनखडीच्या भेगांत वाढते आणि त्याचे तोंड जणू दोरीने आवळल्यासारखे मिटलेले असते. अशी सावकाश वाढणारी रोपे उंचावरून खाली आणली की सखल भागातले गवत त्यांच्यावर सहज मात करते, म्हणून खुरपणी थांबली तर बागेचे कुरण व्हायला वेळ लागत नाही. बाग लावली गेली तेव्हा हे खोरे इटलीत होते, नंतर युगोस्लाव्हियात गेले आणि १९९१ पासून स्वतंत्र स्लोव्हेनियात आहे. १९६२ पासून तेथील निसर्ग-इतिहास संग्रहालय बागेची व्यवस्था पाहते. सरहद्दी बदलल्या तरी रोपे राहिली, याचे श्रेय संस्थापकाइतकेच टोझ्बार यांच्यासारख्या स्थानिक माळ्यांना आहे, आणि शताब्दीच्या लेखनात त्यांचा उल्लेख ठळकपणे व्हायला हवा.

युरोपला जाणारे आपले बहुतेक पर्यटक स्लोव्हेनियातले ब्लेडचे सरोवर पाहून पुढे निघतात. त्यांनी व्हर्शिच घाट ओलांडून या बागेत निवांत एखादा तास काढावा आणि आपल्या पर्यटन पुरवणीनेही तिची दखल घ्यावी, ही विनंती.

– एक वाचक, पुणे