चोक आत ढकलला की बंद पडते म्हणालास, म्हणून

नाशिक, १९ मे

चि. अनिकेत,
अनेक आशीर्वाद.

काल तू फोनवर आपल्या मारुती गाडीचं सांगून राहिला होतास आणि इकडे ताईचं बाळ रडत होतं. माझं अर्धं बोलणं पाळण्यातच राहिलं, म्हणून लिहून पाठवते. कागद बॉनेटवर ठेव आणि वर पाना ठेव, नाहीतर नागपुरातल्या प्रतापनगरच्या त्या गरम वाऱ्याने उडून शेजारच्या कूलरला जाऊन चिकटेल.

आधी त्या मेकॅनिकला 'उद्या सांगतो' म्हण. बॉनेट न उघडता ज्याने 'कार्बोरेटर बदला', म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणारा अख्खा भागच बदला, असं सांगितलं, त्याच्या हातात गाडी द्यायची नाही. दोन वर्षांपूर्वी अशाच एकाने माझ्याकडून प्लग, कॉइल, वायरी सगळं नवं बसवून घेतलं होतं. गाडी होती तशीच. शेवटी करंगळीएवढी रबरी नळी तडकलेली निघाली. नळी वीस रुपयांची! बाबा चंद्रपूरला बदलीवर असताना ही मारुती मीच सांभाळली, तेव्हापासून मला एक सवय लागली आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, गाडी चालू करून बघायची, मगच दुसरीला हात लावायचा.

तू तीन तक्रारी सांगितल्यास आणि तिन्हींचा दोष कार्बोरेटरवर टाकून मोकळा झालास. माझ्या मते ती तीन वेगळी दुखणी आहेत.

सकाळी किल्ली फिरवल्यावर नुसतं टक्-टक् होतं, त्यात पेट्रोलचा काही संबंध नाही. हेडलाइट लावून सेल्फ मार. दिवे एकदम मिणमिणले तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल खराब आहेत. तिथे पांढरी-हिरवी पूड साचली असेल, ती गरम पाणी आणि खायच्या सोड्याने धू, कोरडं कर, घट्ट आवळ आणि वरून व्हॅसलीन लाव. काढताना आधी मायनसची वायर काढायची, लावताना ती शेवटी. टीव्हीच्या कपाटात बाबांचा मीटर आहे. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दिसली तर ठीक, १२.२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करून आण. इंजिन चालू असताना साधारण १४ दिसायला हवेत. तितके नसतील तर बॅटरी बिचारी निर्दोष, बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा बघावा लागेल. आणि बॅटरीत पाणी बघ. नवतपा, मे अखेरचे ते नऊ तापते दिवस, तोंडावर आलाय, आपल्याकडे माठातलं पाणी टिकत नाही तर तिच्यातलं काय टिकणार! डिस्टिल्डच घाल, नळाचं नको.

आता मुख्य दुखणं. चोक ओढलेला असेपर्यंत चालते, आत ढकलला की बंद. चोक काय करतो? हवा अडवतो, म्हणजे पेट्रोलचं प्रमाण वाढतं. चोकशिवाय जगत नाही याचा अर्थ एकतर तिला पेट्रोल कमी पडतंय, नाहीतर कुठून तरी फुकटची हवा आत शिरते आहे. चोकवर तिन्ही सिलिंडर नीट, न अडखळता चालत असतील तर करंट येतोच आहे. प्लगच्या मागे लागू नकोस.

आधी हवा शोध, कारण त्याला पैसे लागत नाहीत. चोकवर गाडी चालू ठेव आणि कान लाव. पंख्यापासून हात आणि शर्टाची बाही लांब. कुठे 'स्स्स' ऐकू येतं का? कार्बोरेटरखालून आणि प्लगांना करंट वाटणाऱ्या डेल्कोच्या डबीकडून येणाऱ्या बारीक नळ्या एकेक करून बोटाने दाब. एखादी दाबल्यावर आवाज बदलला तर चोर तिथेच. टोकाशी चिरली असेल तर अर्धा इंच कापून परत बसव, मधेच चिरली असेल तर नवी आण.

नळ्या धडधाकट निघाल्या तर कार्बोरेटरवर वायर लावलेला एक लहान सोलेनॉइड, म्हणजे करंटवर उघडणारी झडप, आहे तो बघ. इंजिन बंद, किल्ली 'ऑन', ती वायर काढून परत टेकव. टिक् असा आवाज आला पाहिजे. आला नाही तर स्लोचं, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता गाडी चालू ठेवणारं, पेट्रोल तिथेच अडतंय. ॲक्सिलरेटर दाबला की चालेल, पाय काढला की मरेल.

तेही ठीक असेल तर स्लो जेट, म्हणजे ते पेट्रोल ज्यातून येतं ते बारीक भोक, तुंबला आहे. गाडी दोन महिने उभी होती, कार्बोरेटरमधलं पेट्रोल उडून गेलं आणि चिकट राळ मागे राहिली. हे काम खामल्याच्या म्हाताऱ्या मिस्त्रीकाकांकडे दे. त्यांना माझं नाव सांग. ते कार्बोरेटर खोलून क्लीनर आणि हवेने साफ करतात, भोकात तार घालत नाहीत. तारेने भोक मोठं झालं की गाडी जन्मभर पेट्रोल पिते. स्क्रू ड्रायव्हर घेऊन तू स्वतः हवेचा स्क्रू पिळत बसू नकोस, ते मी एकदा केलं आहे आणि महिनाभर भोगलं आहे. पेट्रोलची कुठलीही नळी काढायच्या आधी बॅटरीची मायनस वायर काढ, आणि तुझा तो सिगारेटवाला मित्र फाटकाबाहेर उभा राहू दे.

बर्डीच्या सिग्नलला बंद पडून अर्धा तास सुरू झाली नाही, ते मला उन्हाचं वाटतं. हिचा टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप इंजिनलाच चिकटलेला आहे. ४५ अंशांच्या दुपारी पेट्रोलची नळीतच वाफ होते आणि पंप नुसती वाफ ओढत बसतो. रामटेकला जाताना कन्हानच्या अलीकडे हेच झालं होतं. तू मागच्या सीटवर झोपला होतास, तुला काय आठवणार. बाबांनी घाबरून तीनदा सेल्फ मारून बॅटरी संपवत आणली. मी पंचा भिजवून पंपावर आणि नळीवर ठेवला, दहा मिनिटं झाडाखाली संत्री खाल्ली, गाडी सुरू. पाणी फक्त पंपावर, बाकी तापलेल्या इंजिनावर ओतू नकोस. नळ्यांना हात लावशील तेव्हा पेट्रोलची नळीही दाबून बघ. हल्ली पेट्रोल भरायच्या पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, जुन्या रबराला ते मानवत नाही. मऊ, चिकट लागली तर गाडी चालवूच नकोस, आधी नळी बदल.

एअर फिल्टरचा डबाही एकदा उघड. मागच्या वर्षी त्यात उंदराने चिंध्या आणि माझ्या जपमाळेचे मणी ठेवले होते.

रविवारी सकाळी सातच्या आत हे सगळं कर, नंतर पत्र्याला हात लागणार नाही. नळी, सोलेनॉइड की जेट, काय निघालं ते संध्याकाळी फोनवर सांग. बाळ पाचला झोपतं.

तुझी,
आई