काऊन बे, आबा?

रोहणा, ता. आर्वी
१२ ऑगस्ट

प्रिय बाबाराव,

तुझी दोन पत्रं पडून आहेत, मी एकालाही उत्तर दिलं नाही. शिव्या राखून ठेव. बीपीची गोळी चालू आहे, गुडघे होते तसेच.

पशा, सूनबाई आणि ईशान महिनाभर राहून परवा गेले. ईशानची जिनिव्हाची शाळा ऐक. एक दिवस सगळं फ्रेंचमध्ये, दुसऱ्या दिवशी सगळं इंग्रजीत. वर्गात एक जपानी, एक ब्राझीलची, एक केनियाचा. असली पहिली शाळा त्याच गावात १९२४ साली निघाली म्हणे, राष्ट्रसंघाच्या कामाला आलेल्या देशोदेशीच्या लोकांच्या पोरांसाठी. फी कंपनी भरते. आकडा मी विचारला नाही. पऱ्हाटीच्या भावात तो मोजून छातीत कळ कशाला आणू?

तर एका रात्री पशा खाटेवर बसून मोबाइलवर शाळेचा फॉर्म भरत होता. 'मातृभाषा' आली आणि त्यानं 'इंग्रजी' टाकलं. मी बाजूलाच. म्हटलं, "काऊन रे?" तर म्हणतो, "बाबा, मराठी लिहू कसं? त्याला येते का?" शाळा उलट सांगते, घरी घरचीच भाषा बोला. त्या जपान्याची आई दर शनिवारी पोराला घेऊन बसते. पशाला वेळ नाही.

मला तू आठवलास, रसवंतीपुढं हात नाचवणारा. पशाला कॉन्व्हेंटात टाकलं तेव्हा तू गांधीजींची १९३७ची वर्ध्याची शिक्षण परिषद काढली होतीस. सात वर्षं मातृभाषेतून शिकवायचं हे आपल्याच जिल्ह्यात ठरलं, आणि झेडपीचा मास्तर पोराला टाय बांधतो! त्यावर मी सुमाबद्दल जे बोललो ते अजून घशात आहे. पोळ्यापासून होळीपर्यंत आपण बोललो नाही. पण लेका, तूही काही गांधीजी नव्हतास; डी.एड.ला तकलीवरचं माझं सूत दाखवून पास झालास.

एक मजा सांगतो. छपरीत ईशानसोबत लिंबं मोजत होतो. ऐंशीला पोट्टं म्हणालं, "कात्र-व्हँ." पशानं फोड केली, चार वीस. अरे, माझी आई ओच्यातली लिंबं अशीच मोजायची, चार विसा! मी तसं म्हटलं तर पोट्टं खदखदून हसलं. मग दिवसभर गोठ्यातली ढोरंसुद्धा विसात मोजायला लागलं. ढोरं तीन. नव्वदला मात्र आमचं जमेना. पॅरिसवाले म्हणे चार विसा दहा म्हणतात, जिनिव्हावाल्यांचा वेगळाच शब्द, नोनांत.

बाकी त्याची मराठी गड्याच्या पोरानं शिकवलेली. नागपूरच्या विमानतळावर मी रुमाल काढला, तर सगळ्यांदेखत विचारतो, "काऊन बे, आबा?" सूनबाईनं डोळे वटारले. मला तर त्या फॉर्मचा फोटो काढून पशाच्या तोंडापुढं धरावा वाटलं.

वहिनींचं मोतीबिंदूचं झालं का? स्लॅब पडला? सुमाला आशीर्वाद सांग. दुसरंही काही सांगायचं आहे तिला, ते मी येऊन सांगीन.

तुझ्या ट्रंकेत आपली पहिलीची बालभारती आहे ना? रविवारी ईशान अर्धा तास मोबाइलवर बसायला कबूल झालाय. पोस्टानं पाठवू नको, शुक्रवारच्या आर्वी गाडीच्या कंडक्टरजवळ दे. मी स्टँडवर उभा राहतो.

तुझा,
वामन