मा. मंत्रिमहोदय, आईचा फोन कोणत्या अधिकाराने पुसला?

प्रति,
मा. नागरी विमान वाहतूक मंत्री, भारत सरकार

महोदय, सविनय नमस्कार.

हवाई दलाच्या तळावर उतरताना-उडताना प्रवाशांनी फोटो काढू नयेत, हा नियम मला मान्य आहे. आम्ही ग्वाल्हेरचे. इथल्या महाराजपूरच्या तळावर 1985 पासून मिराज लढाऊ विमानं आहेत. 2019 च्या फेब्रुवारीत बालाकोटला गेलेली मिराज इथूनच उडाली होती. 28 जानेवारी 2023 ला इथून सरावाला निघालेली मिराज आणि सुखोई मुरैनाजवळ कोसळली, एक वैमानिक गेला. त्या दिवशी माझी आई देवघरातून उठली नव्हती. तेव्हा आम्हाला देशप्रेमाचे धडे कोणी देऊ नयेत.

त्याच आईला गेल्या आठवड्यात अशाच एका तळावर गुन्हेगारासारखं बसवून ठेवलं. शहराचं आणि विमान कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नातवाला दाखवायला म्हणून तिने खिडकीतून शेतांचा फोटो काढला होता. वय 76, मधुमेह, गुडघे गेलेले. खाण्याचा डबा बॅगेत आणि बॅग पट्ट्यावर फिरतेय. पाणीसुद्धा मी भांडल्यावर मिळालं. तिच्या हातातून फोन घेतला आणि काय आहे ते न बघता सगळी गॅलरी पुसून टाकली. पुसलेले फोटो जिथे जाऊन पडतात तिथूनही. बाबांचे शेवटच्या दिवाळीचे फोटो त्यात होते. अंगाला उटणं लावून पाटावर बसलेले बाबा, मागे आई तेलाची वाटी घेऊन. बाबा आता नाहीत, आणि ते फोटो दुसरीकडे कुठेही नाहीत.

ही बंदी प्रवाशांना नीट सांगा, असं डीजीसीएच्या, म्हणजे तुमच्याच नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, मे 2025 च्या आदेशात विमान कंपन्यांना बजावलं होतं ना? सांगितली ती इंजिनाच्या आवाजात, घाईघाईच्या इंग्रजीत, पट्टे बांधायच्या सूचनेत कोंबून. तिकिटावर 15 किलो सामानाचा नियम छापता येतो, मग ‘हा हवाई दलाचा तळ आहे, फोटो काढू नका’ ही एक ओळ का छापता येत नाही? लोहगाव, दाबोळी, जोधपूर, श्रीनगर इथल्या धावपट्ट्या सैन्याच्या आहेत, हे साध्या माणसाला कळायचं कसं? त्यात डिसेंबर 2004 च्या तुमच्याच परिपत्रकाने प्रवाशांना विमानातून फोटो काढायची मुभा दिली, 2020 मध्ये तीच पुन्हा सांगितली. म्हणजे साध्या विमानतळावर चढताना चालतं तेच तळावर उतरताना गुन्हा!

कारवाई करायची तर कायद्याने करा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या फौजदारी कारवाईच्या कायद्याचं, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, कलम 105 वाचा. झडती-जप्तीचं चित्रीकरण करा, घेतलेल्या वस्तूंची यादी करा, असं त्यात आहे. आम्हाला साधं चिठोरंही मिळालं नाही. आई हेर वाटली, तर पुरावा का पुसला? नव्हती वाटली, तर बसवून का ठेवलं?

तक्रार केली. उत्तर आलं, ‘प्रकरण निकाली’. कोणी मला एक फोन केला नाही. बँकेत केवायसीसाठी, पेन्शनला हयातीच्या दाखल्यासाठी, रेशनला अंगठा उमटत नाही म्हणून, सगळीकडे हेच बघत आले आहे. नियम वर ठरतो, खाली कोणी समजावून सांगत नाही, आणि शिक्षा होते ती ज्याला उलट बोलता येत नाही त्याला. त्याच विमानाच्या शिडीवर उभी राहून तरुण मुलं रील काढत होती. त्यांना कोणी हटकलं नाही, कारण ती वाद घालतील.

सूचना बोर्डिंग पासवर आणि चेक-इनच्या मेसेजमध्ये प्रवाशाच्या भाषेत द्या. उतरण्याआधी कर्मचाऱ्यांना रांगांमधून फिरून सांगायला लावा. चुकून फोटो निघालाच, तर तेवढाच, प्रवाशासमोर पुसा आणि तसं लिहून द्या. आणि आईची गॅलरी कोणी, कोणाच्या हुकुमाने पुसली, ते तिच्या नावाने लेखी कळवा. पत्ता तुम्ही निकाली काढलेल्या तक्रारीत आहे.

आपली,
दौलतगंज, लष्कर, ग्वाल्हेर येथील एक मुलगी