निमखाऱ्या पाण्याचा आकडा ठरवून देणाऱ्या काकांस

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

टाकीत मीठ किती घालावे, या माझ्या प्रश्नाला क्रॉफर्ड मार्केटमधील आपल्या दुकानात आपण आकड्याने उत्तर दिले नाही; मासा नेमका कोणता आणि केवढा आहे, हे आधी विचारले. त्याबद्दल आपले जाहीर आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

अन्यत्र तो मासा मला गोड्या पाण्यातला पफर (अंग फुगवणारा मासा) म्हणून मिळाला होता. मोबाइलमधील छायाचित्र पाहून आपण सांगितले, की अंगावर गोल काळे ठिपके असलेला हा हिरवा पफर आहे, पाठीवर पिवळसर रेषांची नक्षी असलेला फिगर एट जातीचा पफर नव्हे, आणि या फरकावरच पाण्याचे सारे गणित अवलंबून आहे. फिगर एटला 1.005 ते 1.008 इतके विशिष्ट गुरुत्व (गोड्या पाण्याच्या तुलनेतील घनता; मीठ वाढले की हा आकडा वाढतो) आयुष्यभर पुरते. हिरव्या पफरचे पिल्लू 1.005च्या आसपास सुखात राहते, पण वाढत जाईल तसे त्याचे पाणी 1.015च्या पुढे न्यावे लागते. समुद्राचे पाणी साधारण 1.025 असते, म्हणजे हा मासा म्हातारपणी जवळजवळ समुद्रातच राहणार.

खाडीत भरती-ओहोटीबरोबर खारेपणा काही तासांत बदलतो आणि तिथली निवटी (खाडीच्या चिखलात राहणारा छोटा मासा) तो सहज सोसते, मग टाकीत इतका सावकाशपणा कशासाठी, असे मी विचारले होते. त्यावर आपण दिलेले उत्तर मला फार मोलाचे वाटते: मासा एकवेळ सोसेल, परंतु फिल्टरमध्ये वसलेले, माशाच्या मलमूत्रातील अमोनिया पचवणारे जिवाणू अचानक बदल सोसत नाहीत, आणि ते खचले की त्याच अमोनियाने मासा दगावतो. म्हणून आठवड्याला 0.002पेक्षा अधिक वाढ नको, हे आपले सांगणे मी तंतोतंत पाळत आहे.

मिठाबाबतही आपण घाई करू दिली नाही. स्वयंपाकाचे मीठ पाणी केवळ खारट करते, तर सागरी मिठाच्या मिश्रणातील कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि कार्बोनेटमुळे आपल्या मुंबईच्या मृदू नळाच्या पाण्याचा सामू (pH) टिकून राहतो. पफरला तो 8च्या आसपास मानवतो. हे मीठ टाकीत थेट न टाकता बादलीत विरघळवून, हवा सोडून, मगच ओतायचे. बाष्पीभवनाने केवळ पाणी उडते, मीठ मागेच राहते. म्हणून रोजची तूट गोड्या पाण्यानेच भरायची, हा नियम ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात विशेष उपयोगी पडला.

सध्या टाकीचे पाणी 1.008 आहे. मासा शिंपले फोडून खातो, त्यामुळे त्याचे सतत वाढणारे दातही झिजत राहतात. 1.010 गाठण्यापूर्वी खारेपणा मोजण्याचे माझे उपकरण, रिफ्रॅक्टोमीटर, आपल्याकडून तपासून घेण्यासाठी येईन.

आपला कृतज्ञ,
एक मत्स्यपालक, दादर