केबलचा आकडा कॅटलॉगमधून, पण उन्हाळा नाशिकचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत आर्मर्ड (धातूचे कवच असलेली) केबल निवडताना सर्रास कॅटलॉगमधले अँपिअर पाहतात आणि त्याच आकड्यावर ब्रेकर लावतात. पण ‘हवेत’ या रकान्यातला आकडा 40 अंश तापमानात, सावलीत, मोकळ्यावर एकट्याच टाकलेल्या केबलचा असतो. मे महिन्यात पत्र्याला लागून गेलेल्या केबल ट्रेजवळ 50 अंश सहज भरतात.

एक्सएलपीई (एक प्रकारचे पॉलिथिन) इन्सुलेशनच्या केबलचा आतला वाहक सतत 90 अंशांपर्यंत चालतो, पीव्हीसी इन्सुलेशनचा 70 पर्यंतच. म्हणून 50 अंशांच्या हवेत एक्सएलपीईचे अँपिअर 0.89 ने गुणावेत, पीव्हीसीचे 0.82 ने. शेजारी इतर केबली खेटून असतील तर गटाच्या तक्त्यातला गुणक त्यावर आणखी लावावा. समजा तो 0.8 निघाला, तर 200 अँपिअरची एक्सएलपीई केबल उरते 142 ची. एमसीसीबी या ब्रेकरचे ओव्हरलोड सेटिंग (किती अँपिअरच्या वर तो बंद पडायचा) मात्र 200 वरच असेल, तर रोज 180 अँपिअर वाहतील आणि ब्रेकर हूं की चूं करणार नाही. आतले इन्सुलेशन तेवढे वेळेआधी म्हातारे होत जाईल.

जमिनीत पुरली म्हणून निर्धास्त राहू नये. कॅटलॉगमधला ‘जमिनीत’ हा रकाना 30 अंशांची जमीन धरतो. आपली काळी माती उन्हाळ्यात वाळून भेगाळते आणि केबलची उष्णता अडून राहते.

सिंगल कोअर (आत एकच वाहक असलेल्या) केबलला एसीवर लोखंडी आर्मर अजिबात चालत नाही. परतीचा प्रवाह त्याच केबलमध्ये नसल्याने चुंबकीय क्षेत्र आर्मरमध्ये शिरते आणि आर्मर स्वतःच तापते. तिथे अ‍ॅल्युमिनियम तारेचे आर्मर हवे, ग्लँड प्लेटही (पॅनेलमध्ये केबल जिथून शिरते ती पट्टी) अ‍ॅल्युमिनियमची. लोखंडी प्लेटला तीन फेजसाठी तीन वेगळी भोके पाडलेली अजूनही दिसतात, याची खरोखर काळजी वाटते.

साडेतीन कोअर केबलमध्ये तीन फेजच्या वाहकांसोबतचा न्यूट्रल (परतीचा वाहक) साधारण निम्म्या जाडीचा असतो. एलईडी आणि संगणकांच्या लोडमधला तिसरा हार्मोनिक (मूळच्या तिप्पट वारंवारतेचा प्रवाह) न्यूट्रलमध्ये रद्द न होता साचतो. अशा ठिकाणी पूर्ण जाडीच्या न्यूट्रलची चार कोअरच घ्यावी. सिंहस्थातल्या तात्पुरत्या रोषणाईलाही हेच लागू.

विद्युत निरीक्षकांना विनंती, की ठेकेदाराच्या टेस्ट रिपोर्टमध्ये इन्सुलेशन आणि अर्थिंगच्या आकड्यांशेजारी केबल टाकण्याची पद्धत, लावलेले गुणक, उरलेले अँपिअर आणि ब्रेकरचे सेटिंग लिहिणे सक्तीचे करावे.

– एक विद्युत पर्यवेक्षक, सातपूर, नाशिक