बायोस अपडेट करायच्या आधी हे वाचा

मंडळी, पीसी नीट चालत असेल तर बायोसला (पीसी सुरू करणारा, मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्राम) उगाच हात लावू नका हे माझं मत, पण करायचंच असेल तर मदरबोर्डचा मॉडेल आणि रिव्हिजन नंबर बोर्डवरच छापलेला असतो तो बघूनच फाइल उतरवा. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, आणि अपडेट चालू असताना लाइट गेली तर बोर्ड कामातून जाऊ शकतो म्हणून यूपीएस हवाच. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद ठेवणारं फीचर) चालू असेल तर आधी सस्पेंड म्हणजे तात्पुरतं बंद करा, रिकव्हरी की (ते कुलूप उघडायचा नंबर) लिहून ठेवा नाहीतर नंतर शोधत बसाल. आणि हो, नुसतं पीसीचं घड्याळच मागे पडत असेल तर बहुतेक मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल (नाण्यासारखा गोल) संपलाय, ३ व्होल्टचा, तो बदला (पीसीची पॉवरची वायर काढून!).